रंगपटांतील कारागीर



स्नेहसंमेलनांतील नाटकाची तिसरी घंटा होण्यापूर्वीं दोन तास जी धांदल चालते, ती तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली आहे. मागील बाजूच्या एका वर्गांतील बांकें भिंतीला लावलेलीं असतात, टेबलावर एक आरसा टेकवून उभा केलेला असतो, आणि त्याच्यापुढें मुलांची रांग लागलेली असते. ह्या आरशाजवळचें काम गेलीं बावीस वर्षें माझ्याकडे आहे. जो चित्रकला शिकवितो त्याला तोंडेंहि रंगवितां आलींच पाहिजेत, असा समज सर्व शाळांतून रूढ आहे. आणि मीहि तो पुष्कळ दिवस खरा मानीत होतों. तो खोटा आहे हें मला कसें कळलें तें आधीं सांगतों, आणि मग ज्यांचा हाच व्यवसाय आहे ते लोक तो कसा करितात, त्याकडे वळतों.

सुमारें बारा वर्षांपूर्वीं आम्हीं एक पौराणिक नाटक बसविलें होतें. राजकन्येच्या भूमिकेसाठीं आठवींतील एका मुलीची निवड झाली. वर्णानें सांवळी, आवाज घंटेसारखा स्वच्छ, आणि पाठांतर असें कीं एक अक्षर चुकावयाचें नाहीं. मीं तिला आरशापुढें बसविलें आणि पेटींतील सर्वांत फिकट रंग उचलला. त्यावर पांढरी पावडर चढविली. राजकन्या उजळ दिसली पाहिजे, एवढाच विचार माझ्या मनांत होता. किंबहुना तो विचारहि नव्हता, हाताची संवय होती. पडदा वर गेला, दिवे लागले, आणि तिचा चेहरा राखेसारखा दिसूं लागला. गळा आणि हात तिचे स्वतःचे, चेहरा मात्र कोणा दुसऱ्याचाच! मागच्या रांगांतून हंसण्याचा आवाज आला. त्या मुलीनें न डगमगतां सर्व प्रवेश पार पाडले.

नाटक संपल्यावर मी नळाशीं स्पंज धूत असतां तिची आई तेथें आली. ती रागावली नव्हती. तिनें एवढेंच विचारलें, “गुरुजी, राजकन्या गोरी होती असें त्या नाटकांत लिहिलें होतें का हो?” मीं घरीं जाऊन पुस्तक उघडून पाहिलें. तसें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें.

त्या रात्रीं कपड्यांच्या पेटीजवळ बसून पिना मोजून देणारी आमची एक विद्यार्थिनी आज मुंबईस रंगभूषाकार आहे. फॅशन शो, मासिकांसाठीं होणारें छायाचित्रण, जाहिराती, अशीं कामें ती करिते. दोन वर्षांपूर्वीं तिच्या खटपटीमुळें मला एका फॅशन शोच्या रंगपटांत दिवसभर बसण्याची परवानगी मिळाली. ह्या लेखांतील पुष्कळसा भाग मीं त्या दिवशीं पाहिलेला आहे, आणि उरलेला तिनें व पुस्तकांनीं शिकविलेला आहे.

प्रथम शब्दाविषयीं. चेहऱ्यावर रंग चढविण्याच्या कलेला रंगभूषा म्हणतात, आणि वस्त्रांच्या योजनेला वेषभूषा. बाजारांत व घरोघर ‘मेकअप’ हाच शब्द चालतो. त्यालाहि माझी हरकत नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं आहार्य म्हणजे बाहेरून आणून चढविलेला. वेष, अलंकार व अंगाला लावावयाचे रंग हीं सर्व त्यांतच येतात. पांढरा, निळा, पिवळा व तांबडा हे चार मूळ रंग धरून त्या ग्रंथांत मिश्रणें दिलीं आहेत. पांढरा व पिवळा मिळून पांडुवर्ण, पांढरा व तांबडा मिळून कमळाचा वर्ण, निळा व पिवळा मिळून हिरवा. हें पांचवींतला मुलगाहि सांगेल. परंतु ग्रंथकाराला तें मिश्रण नटाच्या अंगावर करावयाचें होतें, आणि तुम्ही तें कागदावर करितां. कागद पांढरा असतो, अंग पांढरें नसतें. ह्या कलेची निम्मी अडचण ह्यांतच आहे, आणि माझी चूकहि ह्याच ठिकाणीं झाली होती.

दुसरी निम्मी अडचण उजेडाची. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून मराठी नाटकाचा इतिहास मोजण्याची वहिवाट आहे. तेलाच्या दिव्यांच्या मंद उजेडांत दूर बसलेल्या प्रेक्षकाला नटाचे नाकडोळे दिसावे म्हणून रंग जाड द्यावा लागे. स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, ह्यांच्या स्त्रीभूमिकांची कीर्ति तर घरोघर पोहोंचली. कोंकणांतील दशावतारी नट आजहि आपलें तोंड आपणच रंगवितात. मंडळी गांवांत येते, देवळाशेजारीं एखादी पडवी मिळते, प्रत्येकजण आपापली पेटी उघडतो, आणि तासाभरांत तेथें राजे, ऋषि व राक्षस उभे राहतात.

पुढें सिनेमा आला तेव्हां उजेडाचें गणित पार बदललें. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध केला. त्यांत तारामतीचें काम अण्णा साळुंके ह्या पुरुषानें केलें, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्यें तर राम व सीता ह्या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी असे. ओंठांना तांबडा रंग लावावा तर पडद्यावर ते काळे दिसत. गालावर लाली द्यावी तर गाल खोल गेल्यासारखे वाटत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सर्व रंगांचा भेद दाखविणारी फिल्म रूढ झाली, आणि जुने रंग टाकून नवे करावे लागले. ह्या कामांत मॅक्स फॅक्टर ह्या गृहस्थाचें नांव मोठें. तो मूळचा पोलंडांतील, केसांचे टोप बनविणारा. अमेरिकेस जाऊन त्यानें १९१४ च्या सुमारास सिनेमाच्या नटांसाठीं पातळ, न तडकणारा रंग तयार केला. १९३८ सालीं तो वारला, त्याच सुमारास त्याच्या कंपनीनें रंगीत चित्रपटासाठीं केलेली ‘पॅन-केक’ नांवाची वडी बाजारांत आली. आपल्याकडे कोणत्याहि कंपनीच्या तसल्या वडीला आजहि सरसकट पॅनकेकच म्हणतात.

आतां फॅशन शोकडे येऊं. नवीन तऱ्हेचीं वस्त्रें जिवंत माणसांच्या अंगावर घालून गिऱ्हाइकांना दाखविण्याची रीत पॅरिसमधील वर्थ ह्या शिंप्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चालू केली. आपल्या देशांत वस्त्रकारांची परिषद १९९८ सालीं स्थापन झाली, तिनें २००० सालीं दिल्लीस पहिला फॅशन सप्ताह भरविला, आणि २००६ पासून मुंबईस लॅक्मे कंपनीच्या नांवानें वेगळा सप्ताह भरूं लागला. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, ही कंपनी टाटांनीं १९५२ सालीं काढली, आणि तिचें नांव एका फ्रेंच संगीतनाटकावरून घेतलें आहे. त्या नाटकाच्या नायिकेचें नांव लॅक्मे. तें आपल्या ‘लक्ष्मी’ ह्या शब्दाचेंच फ्रेंच जिभेवर झालेलें रूप. लक्ष्मी पॅरिसला जाऊन परत आली, ती डबींत बसून!

शो सायंकाळीं साडेसात वाजतां होता. आम्ही दुपारीं दोन वाजतां पोहोंचलों, तेव्हां एका लांबट दालनांत दोन्ही बाजूंना आरसे व त्यांच्या कडेनें दिवे लावण्याचें काम चाललें होतें. प्रत्येक आरशाच्या कोपऱ्यांत एक कागद चिकटविलेला होता. त्यावर चेहऱ्याची रेखाकृति, आणि भिवई, पापणी, गाल, ओंठ ह्यांपुढें रंगांचे क्रमांक लिहिलेले. ह्याला ते ‘फेस चार्ट’ म्हणतात. आदल्या दिवशीं वस्त्रकार आणि मुख्य रंगभूषाकार ह्यांनीं एका मॉडेलला बसवून चार वेळां रंग चढविला व चार वेळां पुसला, तेव्हां हा कागद ठरला. म्हणजे शोच्या दिवशीं कल्पना लढवावयाची नसते. ठरलेली एकच कल्पना अठरा निरनिराळ्या चेहऱ्यांवर एकसारखी उतरवावयाची असते. हें काम सोपें वाटत असेल तर एकच अक्षर अठरा मुलांच्या हातून फळ्यावर काढवून पाहा.

चौदा रंगभूषाकार होते. मुख्य बाई स्वतः फारसा कुंचला धरीत नव्हत्या. त्या एका आरशापासून दुसऱ्या आरशाकडे फिरत होत्या. कोठें भिवईची शेपटी जाड झाली, कोठें पापणीवरील सोनेरी रंग कडेला फार गेला, तें बोटानें दाखवीत होत्या. केसांचे कारागीर आणि तोंडाचे कारागीर एकाच डोक्यावर एकाच वेळीं काम करीत होते. वरून एकजण केस ओढीत आहे आणि खालीं दुसरी व्यक्ति डोळ्याच्या कडेनें रेघ ओढीत आहे, असा तो प्रकार. मीं आमच्या विद्यार्थिनीला विचारलें, “हात थरथरत नाहीं का?” ती म्हणाली, “गुरुजी, करंगळी तिच्या गालावर टेकलेली असते. तिचें डोकें हाललें कीं माझा हातहि बरोबर हालतो.” चित्रकलेच्या तासाला करंगळी कागदावर टेकवावयास मींच तिला शिकविलें होतें, त्याचा असा उपयोग होईल हें मला ठाऊक नव्हतें.

तिनें आणखी एक गोष्ट सांगितली, ती पालकांनींहि ऐकावी. मदतनीस म्हणून लागल्यावर पहिलीं दीड वर्षें तिनें कोणाच्या तोंडाला हात लावला नाहीं. कुंचले धुणें, ते जाडीप्रमाणें लावून ठेवणें, मॉडेलच्या कोपरांना, गुडघ्यांना व टाचांना अंगाच्या रंगाचा थर देणें, संपलेल्या डब्यांची यादी करणें, हेंच तिचें शिक्षण. कुंचले धूत असतां कोणता कुंचला कशासाठीं वापरला गेला हें न विचारतां कळूं लागलें, असें ती म्हणते.

पांच वाजण्याच्या सुमारास खरी कसोटी आली. चार मॉडेल दुसऱ्या एका शोमधून धांवत आल्या. त्यांच्या पापण्यांवर गर्द निळा रंग होता, आणि ह्या शोसाठीं पापण्या जवळजवळ मोकळ्या हव्या होत्या. निळा रंग घाईनें पुसला तर तो पसरतो. जोरानें पुसला तर पापणी लाल होते, आणि लाल झालेली पापणी अर्धा तास तशीच राहते. आमच्या विद्यार्थिनीनें तेलकट द्रवांत भिजविलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर ठेवला आणि हात मागें घेऊन स्वस्थ उभी राहिली. भोंवतालीं सर्वत्र आरडाओरड चालली असतां ती वीसपर्यंत अंक मोजीत होती! मग तिनें कापूस एकदाच खालीं ओढला. निळा रंग सर्वच्या सर्व त्यावर उतरला. मला वाटतें, त्या दिवशीं मीं पाहिलेल्या सर्व कौशल्यांत तें स्वस्थ उभें राहणें पहिल्या प्रतीचें होतें.

कपडे घालण्यापूर्वीं प्रत्येक मॉडेलच्या तोंडावर पातळ कापडाची पिशवी चढवितात, नाहीं तर ओंठांचा रंग वस्त्राला लागावयाचा. वस्त्र कित्येक महिन्यांच्या भरतकामाचें असतें. डाग पडला तर तो काढावयास वेळ नसतो. पडद्यामागें रांग लागल्यावरहि कारागीर पावडरचा पफ घेऊन रांगेच्या बाजूनें चालत राहतात. शो सतरा मिनिटांत संपला. सव्वाआठला त्याच आरशांपुढें सर्व चेहरे पुसले जात होते.

ह्या व्यवसायांत कल्पनेला वाव नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. ज्या मुख्य कारागिराच्या हातीं तो कागद ठरविणें असतें, त्याची प्रतिभा तेथें दिसते. इंग्लंडमधील पॅट मॅकग्रा ह्या बाईंना २०२१ सालीं ‘डेम’ ही पदवी मिळाली. रंगभूषेसाठीं तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच. जानेवारी २०२४ मध्यें पॅरिस येथें सीन नदीवरील एका पुलाखालीं झालेल्या शोमध्यें त्यांनीं मॉडेलचे चेहरे चिनीमातीच्या बाहुलीसारखे चकचकीत दाखविले. तें कसें केलें, ह्याविषयीं जगभर तर्क चालले. शेवटीं त्यांनींच सांगितलें, कीं तोंडावर लावून सुकल्यावर सोलून काढावयाचे जे लेप बाजारांत मिळतात, तेच पाण्यांत पातळ करून, फवाऱ्यानें थरावर थर देऊन सुकविले होते. वस्तु साधी, योजना नवी.

छायाचित्रणाची तऱ्हा निराळी. शोमध्यें प्रेक्षक दहा हात दूर असतो. कॅमेरा वीतभर अंतरावर येतो आणि कातडीचें एकेक रंध्र मोजतो. येथें थर जितका पातळ तितका चांगला. शिवाय उजेडाचा स्वभाव पाहावा लागतो. दुपारच्या उन्हाचा उजेड निळसर आणि जुन्या तारेच्या बल्बचा पिवळसर. शास्त्रीय मापानें पहिला सुमारें ५,५०० केल्विन आणि स्टुडिओंतला दुसरा सुमारें ३,२०० केल्विन. ज्या उजेडांत चित्र काढावयाचें त्याच उजेडांत रंग निवडला नाहीं, तर घरून ठीक दिसलेला चेहरा चित्रांत विटका येतो. आणखी एक फसवणूक कांहीं बारीक पांढऱ्या पावडरींची. आरशांत त्या दिसतहि नाहींत. कॅमेऱ्याचा एकदम लखलखणारा उजेड पडला कीं डोळ्यांखालीं पांढरे डाग उमटतात. म्हणून अनुभवी कारागीर आरशावर विश्वास न ठेवतां आधीं एक चित्र काढवून घेतो.

आतां धड्याच्या मुख्य भागाकडे या. सांवळ्या मुलीच्या तोंडावरील पांढरा रंग राखेसारखा कां दिसला? एक जुनी दगडी पाटी घ्या, आणि तिच्यावर पाणी मिसळलेल्या दुधाचे दोन थेंब बोटानें पातळ पसरा. दूध पांढरें, पण पाटीवर तें निळसर दिसेल. तेंच पांढऱ्या कागदावर पसरा. निळेपणा दिसणार नाहीं. गडद पृष्ठभागावर पांढऱ्या बारीक कणांचा विरळ थर पडला, म्हणजे प्रकाशांतील निळा भाग अधिक विखुरला जाऊन आपल्या डोळ्यांकडे येतो. चुलीचा धूर गर्द झाडीच्या पुढें निळसर दिसतो, त्याचें कारणहि हेंच. सांवळ्या कातडीवर पांढरी पावडर म्हणजे पाटीवरचें दूध. मीं त्या मुलीला उजळ केलें नव्हतें. तिच्या चेहऱ्यावर धूर पसरला होता.

कारागीर काय करितात? ते रंग तळहातावर अगर मनगटावर पारखीत नाहींत, कारण तेथील वर्ण चेहऱ्याहून वेगळा असतो. जबड्याच्या कडेला तीन जवळजवळच्या छटांच्या तीन रेघा ओढतात आणि खिडकीच्या उजेडांत पाहतात. जी रेघ नाहींशी होते, ती खरी. वर्ण गोरा कीं सांवळा एवढेंच पाहून भागत नाहीं. कातडीच्या खालून पिवळट झांक येते, तांबूस येते, कीं दोन्हींच्या मधली, हेंहि पाहावें लागतें. डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें आपल्या लोकांत बहुधा निळसर तपकिरी असतात. त्यांवर फिकट रंग थापला तर तीं करडीं होतात. त्यांवर आधीं नारिंगी रंगाचा अगदीं पातळ हात देतात. रंगचक्रावर निळ्याच्या समोर नारिंगी येतो, हें तुम्ही सातवींत शिकलां आहां. दाढी केलेल्या हनुवटीची निळसर छाया ह्याच युक्तीनें नाहींशी करितात. ‘बालगंधर्व’ ह्या २०११ च्या मराठी चित्रपटांत सुबोध भावे ह्यांच्या चेहऱ्यावर तरुण स्त्रीच्या भूमिका उभ्या करावयाच्या होत्या. तें काम विक्रम गायकवाड ह्यांनीं केलें आणि त्यासाठीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मे २०२५ मध्यें ते वारले. ज्यांना तो चित्रपट पाहावयास मिळेल, त्यांनीं हनुवटीकडे मुद्दाम पाहावें.

फिकट रंगाचा दोष सर्वस्वीं माझ्या हाताचा होता, असें म्हणून मी सुटूं इच्छीत नाहीं. पण पेटीचाहि त्यांत वांटा होता. माझ्या पेटींत सात छटा होत्या, आणि त्यांतील सर्वांत गडद छटा त्या मुलीहून उजळच होती. पुष्कळ वर्षें जगभरच्या कारखान्यांची हीच रीत होती. २०१७ सालीं रिहाना ह्या गायिकेच्या कंपनीनें एकदम चाळीस छटा बाजारांत आणल्या, आणि गडद छटा आधीं संपूं लागल्या, तेव्हां बाकीच्यांचे डोळे उघडले. आपल्या देशांत १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ नांवाचें मलम खपत होतें. २०२० सालीं त्यांतील ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ हा शब्द घातला गेला. नांव बदललें. घराघरांतील बोलणें बदललें कीं नाहीं, तें पालकांनीं आपापल्या घरीं ऐकून ठरवावें.

उजळपणाच्या हव्यासांत दुसराहि एक धोका आहे, आणि तो रंगापेक्षां मोठा आहे. पूर्वीं यूरोपांत तोंडाला लावावयाच्या पांढऱ्या रंगांत शिसें असे. त्यानें कातडी, केंस आणि शेवटीं प्रकृति, सर्वांचाच नाश होई. आपला हिंगूळ म्हणजे पारा व गंधक ह्यांचें संयुग. कातडी उजळ करणाऱ्या कांहीं मलमांत पारा सांपडतो आणि तो मूत्रपिंडांना अपाय करितो. २०१३ सालीं अनेक राष्ट्रांनीं मान्य केलेल्या मिनामाता करारांत अशा मलमांतील पाऱ्याची मर्यादा त्या वेळीं दहा लक्ष भागांत १ भाग अशी घातली होती. ज्या डबीवर घटक, कारखान्याचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक छापलेला नाहीं, ती कितीहि स्वस्त असो, घरांत आणूं नये.

स्वच्छतेच्या बाबतींत मीं जें पाहिलें, त्यानें मला आपल्या शाळेच्या स्पंजाची लाज वाटली. तेथें कोणीहि डबींत बोट घालीत नव्हतें. रंग लहानशा चमच्यानें काढून धातूच्या तबकडीवर घेत, आणि तबकडींतून कुंचल्यानें चेहऱ्यावर. पापणीच्या केसांना काजळी लावावयाची कांडी एका चेहऱ्याला एक. वापरली कीं टाकून दिली. कुंचले प्रत्येक चेहऱ्यानंतर स्पिरिटनें पुसले जात. डोळे येणें किंवा ओंठांवर पुटकुळ्या येणें हे विकार एका कुंचल्यानें वीस जणांपर्यंत जातात. आपण मात्र एकच स्पंज साऱ्या रांगेच्या तोंडावरून फिरवीत आलों.

कित्येक पालकांचा प्रश्न असतो, कीं मुलीनें ह्या धंद्यांत जावें कीं नाहीं. त्यांना एक गोष्ट माहीत नसेल. मुंबईच्या सिनेमाच्या धंद्यांत २०१४ पर्यंत स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून काम करण्यास मनाई होती! तेथील रंगभूषा व केशभूषा करणाऱ्यांच्या संघाच्या नियमांप्रमाणें रंगभूषा पुरुषांनींच करावयाची. स्त्रियांना सभासद करून घेत तें फक्त केस विंचरण्यासाठीं. शिकून आलेल्या स्त्रियांनींहि काम केलें तर दंड होई. पुरुषांची भाकरी जाईल, हें कारण सांगितलें जाई. ज्या देशांत पुरुषांनीं स्त्रियांचीं सोंगें घेऊन कीर्ति मिळविली, तेथें स्त्रीनें स्त्रीच्या गालाला रंग लावणें मात्र गुन्हा ठरला होता. एका रंगभूषाकार स्त्रीनें व तिच्या सहकारी भगिनींनीं हें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापुढें नेलें. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं न्यायालयानें तो नियम घटनाविरुद्ध ठरवून रद्द केला, आणि महाराष्ट्रांत पांच वर्षें वास्तव्य असल्याची जी अट होती तीहि काढून टाकली. आमची विद्यार्थिनी त्या वेळीं शाळेंत होती. आज तिचें सभासदपत्र तिच्या पेटीच्या झांकणाला आंतून चिकटविलेलें असतें.

आतां मिळकतीविषयीं स्पष्ट लिहितों. पगार महिन्याच्या एक तारखेला हातांत पडतो, तशी ही नोकरी नव्हे. काम असेल त्या दिवशींचा पैसा. तोहि कधीं दोन-दोन महिने येत नाहीं. फॅशन शोनें नांव होतें, पोट भरतें तें लग्नसराईनें. दिवस पहांटे चारला सुरू होतो. उभें राहून पाठ दुखते. रात्रीं उशिरा घरीं परतण्याची सोय आधीं ठरवून घ्यावी लागते, आणि काम देणाऱ्याशीं सर्व बोलणें लेखी ठेवावें लागतें. शिकण्याची व्यवस्था मात्र आतां पूर्वींइतकी दुर्मिळ नाहीं. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कॉस्मेटॉलॉजी हा अभ्यासक्रम आहे, आणि त्याची फी खासगी वर्गांच्या मानानें पुष्कळ कमी असते. दहावीनंतर चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना हात बसण्यास वेळ लागत नाहीं. मुलग्यांनींहि हें वाचून पान उलटूं नये. त्या दालनांतील चौदा जणांत सहा पुरुष होते.

मला जें विचारावयाचें राहिलें होतें, तें मीं परत येतांना गाडींत बसून आमच्या विद्यार्थिनीला विचारलें. त्या राजकन्येच्या तोंडावर तूं कोणता रंग दिला असतास? तिनें थोडा विचार केला. “रंग जवळजवळ दिलाच नसता,” ती म्हणाली. “तिची कातडी छान होती. डोळ्यांना दाट काजळ, कपाळाला मोठें कुंकू, गालांच्या वरच्या हाडावर किंचित् तांबूस सोनेरी, म्हणजे दिवा तेथें पकडला असता. आणि वस्त्र फिकट गुलाबी नेसविलें होतें ना आपण? तें बदलून गर्द हळदी केलें असतें.” तिला वस्त्राचा रंगहि आठवत होता.

ह्या वर्षींच्या संमेलनासाठीं पेटी नवी आणली आहे. तिच्यांत चौदा छटा असून त्यांतील आठ गव्हाळ, सांवळ्या व काळ्या वर्णाच्या आहेत. नाटकांत भाग घेणाऱ्या प्रत्येकानें दोन स्वच्छ स्पंज व एक जुना मऊ पंचा आपल्या नांवाच्या पिशवींत घालून आणावा. ज्यांच्या अंगावर कोणत्याहि मलमानें पुरळ उठतो, त्यांच्या पालकांनीं तसें चिठ्ठीवर लिहून द्यावें. रंग आदल्या दिवशीं कानामागें लावून पाहिला जाईल. रंगपटांत मदतीस येऊं इच्छिणाऱ्या आठवी व नववीच्या मुलामुलींनीं आपलीं नांवें चित्रकलेच्या वर्गांत नोंदवावीं. पहिल्या दिवशीं कुंचले धुवावयाचे आहेत.